झेडपीच्या शाळेची हिंगोली-पोथी: तेरा चटपटीत गोष्टी

"शाळा कोणाची?" असं हिंगोली जिल्ह्यात कुठल्याही पारावर विचारा, उत्तर ठरलेलं: "झेडपीची." पण ही झेडपी म्हणजे नेमकं कोण, पैसा येतो कुठून, गणवेश कोण ठरवतं आणि लेकरू पास झालं हे कोण सांगतं, असं पुढे विचारलं की चार माणसांची पाच मतं निघतात. तर घ्या, एकेक गोष्ट तोंडात टाकत चला.

१. सगळं एक मेलाच!
महाराष्ट्र राज्य स्थापन झालं १ मे १९६० ला. १९६१ च्या कायद्यानुसार राज्यातल्या जिल्हा परिषदा सुरू झाल्या १ मे १९६२ ला. परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. आणि शाळेचा वार्षिक निकाल? तोही झेंडावंदन उरकून १ मेलाच हातात पडायची आपली जुनी रीत. म्हणजे जिल्ह्याचा वाढदिवस आणि लेकरांची धाकधूक एकाच सकाळी.
वर मराठवाड्याचा म्हणून एक झेंडा जास्त. निजामाच्या राजवटीतून सुटका झाली त्या १७ सप्टेंबरला इथल्या शाळांत ध्वजारोहण होतं. पुण्या-मुंबईच्या मुलांना हा बोनस नाही.

२. तुमच्या शाळेचा नंबर २७१६ ने सुरू होतो
देशातल्या प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, मग तालुका, गाव आणि शेवटी शाळा. महाराष्ट्र २७, हिंगोली १६. म्हणून औंढ्याची शाळा असो की सेनगावची, सुरुवात २७१६ नेच. शाळेच्या दारावर किंवा फलकावर हा आकडा बहुधा रंगवलेला असतो. अनुदान, पुस्तकं, शिक्षकांची पदं, सगळं याच क्रमांकाच्या मागे चालतं.

३. दहावी एकीकडे, पदवी दुसरीकडे
हिंगोलीचं पोरगं दहावी देतं छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळाची. शेजारच्या नांदेडचं पोरगं देतं लातूर मंडळाची. पुढे कॉलेजात गेलं की हिंगोलीकर पुन्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात, कारण नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्याकडे.
आणखी गंमत पैनगंगेच्या काठी. नदीपलीकडे वाशीम आणि यवतमाळ, म्हणजे विदर्भ. तिथल्या उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात. २०२५ मध्ये इकडे १६ जूनला घंटा वाजली, तिकडे २३ जूनला. ऊन मात्र दोन्ही काठांवर सारखंच.

४. सदस्य नव्हते, तरी सभागृह होतं
जिल्हा परिषदेत शिक्षण समिती असते, तिला सभापती असतो. शाळेचं छप्पर उडालं, गुरुजी आलेच नाहीत, असे प्रश्न तिथे मांडायचे. पण मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या २५ जिल्हा परिषदांची मुदत संपली. हिंगोली त्यांतलीच. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा खटला न्यायालयात अडकला, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या असा आदेश द्यावा लागला. म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळ शिक्षणाचा प्रश्न विचारायला लोकांनी निवडलेला एकही सदस्य सभागृहात नव्हता. मार्च २०२२ मध्ये पहिलीत असलेलं लेकरू तेवढ्यात चौथी ओलांडून गेलं.

५. शिक्षणमंत्रीच पालकमंत्री
२०२० ते २०२२ या काळात वर्षा गायकवाड राज्याच्या शालेय शिक्षणमंत्री होत्या आणि त्याच वेळी हिंगोलीच्या पालकमंत्रीही. जिल्हा नियोजन समितीचं अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे असतं आणि वर्गखोल्यांच्या बांधकाम-दुरुस्तीचा पैसा त्या समितीतूनही येतो. धोरण आणि तिजोरी अशा दोन्ही किल्ल्या एकाच हाती येण्याचा हा दुर्मीळ योग. पण वेळ बघा: कोरोना! शाळाच बंद.

६. सोळांत बारा पालक
शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि गावोगाव शाळा व्यवस्थापन समित्या आल्या. सदस्य १२ ते १६, त्यांतले ७५ टक्के पालक. अर्ध्या जागा महिलांच्या. अध्यक्ष पालकांतूनच, मुख्याध्यापक फक्त सचिव. बैठक दर महिन्याला. शाळेचा तीन वर्षांचा विकास आराखडा हीच समिती करते आणि बँक खात्यावर अध्यक्ष व मुख्याध्यापक अशा दोघांच्या सह्या लागतात.
आता ही बैठक जवळून बघा. टेबलावर इतिवृत्ताची वही, बाजूला निळ्या शाईचं स्टॅम्प पॅड. गुरुजी विषय वाचतात: पोषण आहाराचा हिशोब, शौचालयाचं दार, पटनोंदणी, आयत्या वेळचे विषय. "सर्वानुमते मंजूर" असं लिहून वही फिरते. कुणी सही करतं, कुणी अंगठा उठवतं. बऱ्याचदा वही बैठकीऐवजी सदस्याच्या शेतावर पोचते आणि बांधावरच "सर्वानुमते" होऊन जातं. कायद्याने दिलेला अधिकार असा दोन मिनिटांत उरकतो.

७. एकतिसावं लेकरू पंधरा हजारांचं
समग्र शिक्षा योजनेत शाळेला वर्षाला संयुक्त अनुदान मिळतं. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. पट ३० पर्यंत असेल तर १० हजार रुपये, ३१ ते १०० असेल तर २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे एक लाख. म्हणजे पटावर ३० लेकरं असताना एक नवं नाव आलं की मंजूर अनुदान १५ हजारांनी वाढतं! जूनमध्ये गुरुजी दारोदार का फिरतात, ते कळलं?
यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. १० हजारांच्या शाळेत ते झाले १ हजार, महिन्याला ८३ रुपये. एवढ्यात फिनेल, झाडू आणि साबण बसवून दाखवा. खडू, वीजबिल, फुटलेली फरशी आणि गळका नळ उरलेल्या नऊ हजारांत. पैसा उशिरा आला तरी तो ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा. त्यामुळे वर्षाअखेर रक्कम आली की मुख्याध्यापक आणि संगणकाचा सर्व्हर यांची शर्यत लागते.

८. ताटाचा भाव ६ रुपये ७८ पैसे
दुपारच्या जेवणाची केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. प्राथमिकच्या लेकराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. तांदूळ सोडून डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधनाचा दर १ मे २०२५ पासून (बघा, पुन्हा १ मे!) प्राथमिकला ६ रुपये ७८ पैसे, वरच्या वर्गांना १० रुपये १७ पैसे. ४० लेकरांच्या प्राथमिक शाळेचा हिशोब: तांदूळ ४ किलो, बाकी सगळं २७१ रुपये २० पैशांत. एवढ्यात लेकराच्या पोटात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं गेली पाहिजेत.
ताटात वाढण्याआधी खिचडीची चव शिक्षकांनी घ्यायची आणि चव नोंदवहीत शेरा लिहायचा. पालकांनाही चाखता येते. ही वही मागून बघा. महिनाभर रोज "चव उत्तम" एकाच हस्ताक्षरात दिसली तर समजून जा.

९. गणवेशाची फिरकी
समग्र शिक्षेतून गणवेशाचे वर्षाला ६०० रुपये. दोन जोड, म्हणजे शिलाईसकट एक जोड ३०० रुपयांत. आधी कापड घेण्यापासून शिंप्यापर्यंत सगळं शाळा समिती बघायची. २०२४-२५ मध्ये "एक राज्य, एक गणवेश" आलं: कापड वरून, शिलाई बचत गटांकडे. पावसाळा सरला तरी कित्येक शाळांत गणवेश पोचला नाही. जिथे पोचला तिथे मापांची बोंब. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि अधिकार पुन्हा समितीकडे आला. पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पानं घालायचा प्रयोगही असाच २०२३ मध्ये आला आणि २०२५ मध्ये गेला.

१०. दोन गुरुजी, चार वर्ग
कायदा म्हणतो, पहिली ते पाचवीत ६० पर्यंत लेकरं असतील तर दोन शिक्षक. म्हणून वाडी-तांड्यावर नेहमीचं चित्र: एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. एका वर्गाला पाढे म्हणायला लावायचं, तोवर दुसऱ्याची बेरीज तपासायची. त्यात एक गुरुजी बैठकीला तालुक्याला गेले की दोन्ही खोल्या उरलेल्या मॅडमच्या.
शिवाय शिक्षकांची पदं पटावर ठरतात आणि पट मोजताना आधार जुळलेलं लेकरूच धरायचा नियम आला. आधारवर नावाची वेलांटी चुकली तर पहिल्या बाकावर बसलेलं लेकरू कागदावर गैरहजर!

११. आमदारांचा उपास
फेब्रुवारी २०२४. कळमनुरीचे आमदार संतोष बांगर लाख गावच्या झेडपी शाळेत गेले. तिथल्या लेकरांना त्यांनी सांगितलं की पुढच्या निवडणुकीत आई-बापांनी मला मत दिलं नाही तर दोन दिवस जेवू नका. चित्रफीत देशभर फिरली. विशेष म्हणजे प्रचारात मुलांना वापरू नका, अशी तंबी निवडणूक आयोगाने त्याच आठवड्यात दिली होती. लेकरांनी जेवावं म्हणून सरकार ६ रुपये ७८ पैशांची जुळवाजुळव करतं आणि आमदार उपासाचा कार्यक्रम देतात.

१२. हुशारी मोजायच्या चार फुटपट्ट्या
*असर:* 'प्रथम' या संस्थेच्या या पाहणीत स्वयंसेवक जिल्ह्यातली ३० गावं आणि प्रत्येक गावातली २० घरं निवडतात. शाळेत न जाता थेट घरी जाऊन लेकराला दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायला लावतात. हे घरीही करता येतं. आज संध्याकाळीच करून बघा.
*पाचवी-आठवी:* ढकलगाडी संपली. २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा, नापासाला फेरपरीक्षा, तीही गेली तर तोच वर्ग.
*शिष्यवृत्ती:* २०१६-१७ मध्ये चौथी-सातवीची परीक्षा पाचवी-आठवीला नेली. २०२५ मध्ये पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरलं. आजोबा, बाप आणि नातू एकच परीक्षा वेगवेगळ्या इयत्तांत देणार.
*नवोदय:* वसमतच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला ८० जागा. प्रश्नही ८०, वेळ दोन तास. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या.
आणि जाता जाता: औंढा नागनाथ तालुक्यातच २,६०० कोटींचा लायगो-इंडिया प्रकल्प मंजूर आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांनी तिथे गुरुत्वीय लहरी पकडायच्या आहेत. त्याच तालुक्यात भागाकार येतो का, हे घरोघर जाऊन तपासावं लागतं.

१३. कोयता, वसतिगृह आणि भारतरत्न
दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या निघतात आणि वर्ग रिकामे व्हायला लागतात. त्यावर उपाय म्हणजे हंगामी वसतिगृह. लेकरू गावातच आजी-आजोबांजवळ राहतं, जेवणाची सोय योजनेतून होते आणि व्यवस्था शाळा समिती बघते. आई-बाप परत येईपर्यंत त्याची शाळा बुडत नाही. समिती जागी असेल तर.
शिकायची ओढ काय असते, ते सेनगाव तालुक्यातल्या कडोळीला विचारा. १९१६ मध्ये तिथे जन्मलेल्या नानाजी देशमुखांनी भाजी विकून पुस्तकांचे पैसे जमवले. पुढे गोरखपूरला पहिलं सरस्वती शिशु मंदिर उभं केलं आणि २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं.

आता तुमची पाळी
गणवेश वरून आला की उशिरा येतो, सभागृह रिकामं राहतं, मंत्री बदलतात, परीक्षेची इयत्तासुद्धा फिरते. या सगळ्या धांदलीत एकच गोष्ट कायद्याने तुमच्या गावात, तुमच्या हातात आहे: महिन्याची शाळा समितीची बैठक. तारीख गुरुजींना विचारा. तिथे तीन प्रश्न मांडा: यंदाचं अनुदान किती आलं, कशावर गेलं, आणि तिसरीतली किती लेकरं गोष्ट वाचतात? उत्तर वहीत लिहून घ्या आणि मगच सही करा. वही बांधावर आली तर तिला परत शाळेत पाठवा आणि मागोमाग तुम्हीही जा.