नदीची जागा आणि जोत्याची उंची

राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीला डिसेंबर 2025 मध्ये पाच वर्षे पूर्ण झाली. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे सोडली तर महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांतले बांधकाम आज या एका पुस्तकावर चालते. बिल्डर, वास्तुविशारद, नगररचना अधिकारी अशा सगळ्यांनी तिचे स्वागत केले, आणि ते समजण्यासारखे होते. गावागणिक वेगळी नियमावली, तिच्यावर शुद्धिपत्रके आणि त्यांवर पुन्हा स्पष्टीकरणे, या गुंत्यातून सुटका हवीच होती. पण नदीकाठाविषयी या पुस्तकात जे लिहिले गेले, ते गेल्या अर्धशतकातल्या एका सततच्या माघारीचे शेवटचे पाऊल होते. नदीकाठी बांधायचे की नाही, हा मूळ प्रश्न होता. तो मागे पडला आणि जोते किती उंच घ्यायचे, एवढाच प्रश्न उरला. हे कसे घडले ते पाहायला हवे.

सुरुवातीची वर्षे भराभर ओलांडता येतात. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, पुण्याचा नदीकाठ वाहून गेला, आणि तरीही पूरक्षेत्राचा विचार पुढे कित्येक वर्षे धरणापुरताच राहिला. 1975 मध्ये केंद्राने पूरमैदानाच्या विभागणीचा नमुना कायदा तयार करून राज्यांकडे पाठवला. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्या राज्यांनी त्यावरून कायदे केले. महाराष्ट्राने केला नाही. आपल्याकडे पाटबंधारे खात्याचे 1989 चे परिपत्रक आले, आणि निळी व लाल पूररेषा हे शब्द त्यातून रुळले. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत निषिद्ध क्षेत्र, दोहोंच्या मधे नियंत्रित क्षेत्र. विचार चांगला होता, पण तो परिपत्रकात राहिला.

खरा निकाल लागला तो 2011 ते 2021 या दशकात. 2005 आणि 2006 च्या पुरांचे अहवाल तोवर आले होते, नदीकाठाची माहिती हाताशी होती, आणि शहरे त्याच काठांवर सर्वाधिक वेगाने वाढत होती. माघार समुद्रकिनाऱ्यावरही झाली: 2011 च्या किनारी नियमन क्षेत्र (सीआरझेड) अधिसूचनेची जागा 2019 च्या अधिसूचनेने घेतली. दाट वस्तीच्या किनारी गावांत ना-विकास पट्टा 200 मीटरवरून 50 मीटरवर आला आणि धोकारेषा आपत्ती व्यवस्थापनाच्या उपयोगापुरती ठेवली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथे 45 फूट आहे. कोल्हापूरजवळ शिरोलीत राष्ट्रीय महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला आणि महामार्गाच्या भरावामुळे पंचगंगेचे पाणी तुंबते, ही लोकांची तक्रार राज्यभर पोचली. पुढे वर्षभर चर्चा झाली ती मुख्यतः कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची. धरणांच्या विसर्गाचा प्रश्न खोटा नव्हता, पण त्याच्या आवाजात आपल्या हद्दीतला भराव आणि आपण दिलेले बांधकाम परवाने झाकले गेले. दोष दुसऱ्या राज्याकडे असला की आपल्या नगररचना खात्याला कोणी जाब विचारत नाही, आणि तो कोणी विचारलाही नाही. महापुरानंतर सव्वा वर्षाने, डिसेंबर 2020 मध्ये, नवी नियमावली आली. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर उंच जोते घेतले तर बांधकामाला परवानगी मिळू शकते, असे तिने सांगितले. निळ्या रेषेच्या आतल्या जुन्या अधिकृत मिळकतींच्या पुनर्विकासालाही हीच उंची आणि जलसंपदा विभागाचा ना हरकत दाखला एवढ्यावर वाट करून दिली. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत, जुलै 2021 मध्ये, महाड आणि चिपळूण बुडाले. कोल्हापुरात पंचगंगा 2019 च्याही वर गेली. त्याच वर्षी गुंठेवारी, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने विनापरवाना पाडलेले भूखंड, नियमित करण्याची मुदत 1 जानेवारी 2001 वरून 31 डिसेंबर 2020 वर नेण्यात आली. सखल भागातल्या बेकायदा वस्तीला आज ना उद्या कागद मिळतो, हा त्यातून लोकांनी घेतलेला अर्थ होता, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही.

उंच जोत्याच्या बाजूने असे सांगितले जाते की जगभर पूरप्रवण भागांत घरे उंच बांधतात, मग इथे आक्षेप कशाला. घर खांबांवर उचलून खालून पाणी जाऊ दिले तर हा युक्तिवाद काही अंशी टिकतो. आपल्याकडे जोते भराव टाकून उचलले जाते. तो भराव पुराच्या पाण्याची जागा घेतो, आणि तेवढे पाणी शेजारच्या बैठ्या, जुन्या, कायदेशीर घरात शिरते. म्हणजे नव्या इमारतीच्या सुरक्षिततेची किंमत जुन्या रहिवाशाने मोजायची. शिवाय जोते वर गेले तरी रस्ता खालीच राहतो. दवाखाना गाठता न येणारी, विजेविना, पंपाविना उभी असलेली इमारत कोरडी आहे म्हणून सुरक्षित ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सांगलीच्या, चिपळूणच्या जुन्या पेठा पूररेषेतच वसल्या आहेत. रेषा कडक केली तर घरदुरुस्ती अडते, कर्ज अडते, पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत कवडीमोल होते. चिपळूणकरांनी पूररेषेपेक्षा वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढण्याचा आग्रह धरला, त्यामागे हीच भीती होती. ती मान्य करूनही मोकळ्या जमिनीवरची नवी इमारत आणि शंभर वर्षांचे घर यांना एकच तरतूद लावण्याचे कारण उरत नाही. जुन्या घरमालकाला दुरुस्तीचा हक्क द्या, स्थलांतर करायचे असेल तर पुरेसा टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) द्या. मोकळा काठ मात्र मोकळाच ठेवा. पेठेतल्या माणसाचे दुःख पुढे करून रिकाम्या मळीवर टॉवर उभे करणे हा त्या माणसावरच अन्याय आहे.

रेषा सतत बदलतात, त्यांच्या मागे धावायचे कसे, ही व्यावसायिकांची तक्रार खरी आहे. पण रेषा बदलू शकतात, कारण त्यांना कायद्याचे बळ नाही. नियमावलीतली तरतूद 1966 च्या नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली फेरबदल करून बदलता येते. विधिमंडळात चर्चा व्हावी लागत नाही. आणि ज्या आकड्यांवर रेषा आखल्या, ते आकडेही तपासायला हवेत. पुण्यात मुठेची निळी रेषा 60 हजार क्युसेकची आणि लाल 1 लाखाची. 25 जुलै 2024 रोजी खडकवासल्यातून सुमारे 35 हजार क्युसेकचा विसर्ग होता, तेव्हाच सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. धरणाखालच्या पाणलोटातले पाणी जमेस धरले तरी प्रश्न उरतो: घरे निळ्या रेषेच्या आत आहेत, की भरावाने पात्र अरुंद झाले आहे? दोन्हींची जबाबदारी परवानगी देणाऱ्यांवर येते.

25 वर्षांतला पूर म्हणजे दरवर्षी 4 टक्के शक्यता. 20 वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे 56 टक्के होते. लाल रेषेच्या पुराची 18 टक्के. हा हिशेब घर घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. म्हणून विधिमंडळाने पूरमैदानाचा स्वतंत्र कायदा करावा, दर दहा वर्षांनी नव्या पावसाच्या नोंदींवर रेषा तपासून घ्याव्यात, आणि रेषा नदीकडे सरकवायची असेल तर तो प्रस्ताव सभागृहात मांडणे बंधनकारक करावे. तोवर नदीकाठी घर पाहणाऱ्याने बुकिंगची रक्कम देण्याआधी जलसंपदा विभागाने प्रमाणित केलेला पूररेषेचा नकाशा मागावा, आणि जोत्याबरोबर समोरच्या रस्त्याची पातळीही लेखी घ्यावी.