अकरावी कुठे?

दहावीचा निकाल लागला आणि मुलीने ‘मला मेडिकलला जायचंय’ म्हटले, की मराठवाड्यातल्या घरात पुढचा प्रश्न शाखेचा नसतो, गावाचा असतो. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, की थेट कोटा? मागच्या पन्नास-साठ वर्षांत या प्रश्नाची उत्तरे बदलत गेली. ती कशामुळे बदलली हे पाहू लागलो, तर शिकवणाऱ्यांपेक्षा प्रवेशाच्या नियमाचा हातच जास्त दिसतो.

अकरावी मॅट्रिकच्या काळात मेडिकलचा रस्ता इंटर सायन्समधून जाई. गणितवाल्यांचा ए ग्रुप, जीवशास्त्रवाल्यांचा बी ग्रुप. परीक्षा विद्यापीठाची, म्हणून मुले जुन्या, नावाजलेल्या महाविद्यालयांकडे वळत: पुण्यात फर्ग्युसन किंवा स. प., मुंबईत रुईया, सांगलीत विलिंग्डन. मराठवाड्यात तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयच 1956 मध्ये, औरंगाबादला (आजच्या छत्रपती संभाजीनगरला) सुरू झाले. ज्याचा मामा किंवा काका शहरात नोकरीला, त्याची राहण्याची सोय झाली, बाकीच्यांनी बी.एस्सी. करून मास्तरकी पत्करली.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर दहा अधिक दोन अधिक तीनचा आकृतिबंध आला आणि विद्यापीठाच्या इंटरची जागा बोर्डाच्या बारावीने घेतली. अभ्यासक्रम राज्यभर एकच. आता आडगावचे महाविद्यालयही, मनावर घेतले तर, पुण्या-मुंबईशी गुणांत बरोबरी करू शकत होते. लातूरने ते मनावर घेतले. तिथले दयानंद महाविद्यालय 1961 चे, राजर्षी शाहू महाविद्यालय 1970 चे. शाहूचे संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि पुढे प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात ज्याला लोक ‘लातूर पॅटर्न’ म्हणू लागले, त्यात जादू काही नव्हती. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, जादा तास घ्यायचे, सराव परीक्षांवर सराव परीक्षा, आणि तपासलेला पेपर मुलापुढे ठेवून कुठे गुण गेले ते सांगायचे. पाठांतराचा कारखाना म्हणून पुण्या-मुंबईकडच्यांनी नाके मुरडली. टीका अगदीच खोटी नव्हती. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला गुणांच्या यादीत जागा मिळवून देणारी दुसरी व्यवस्था तेव्हा कोणी उभी केली होती?

1999 मध्ये राज्याची प्रवेश परीक्षा, सीईटी आली. बारावीच्या गुणांऐवजी बहुपर्यायी प्रश्नांवर प्रवेश ठरू लागला, तसे शिकवण्याचे केंद्र वर्गातून शिकवणीत सरकले. लातूरचा ‘ट्युशन एरिया’ फुगला. घरोघरी कॉट बेसिसवर मुले, गल्लोगल्ली मेस. या काळात गाव निवडण्याला आणखी एक कारण होते, 70:30 चे सूत्र. प्रत्येक विभागातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या 70 टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, आणि विभाग ठरवताना बारावी कुठून केली ते पाहिले जाई. म्हणजे अकरावीचा अर्ज भरतानाच मुलाच्या मेडिकलच्या जागेचा निम्मा हिशेब होऊन जाई. मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालये मोजकी, त्यामुळे इथल्यांना हे सूत्र जाचक वाटे. अनेक वर्षांच्या मागणीनंतर सप्टेंबर 2020 मध्ये ते रद्द झाले. घोषणा करणारे तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख लातूरचेच आमदार.

त्याआधी देशभरासाठी एकच प्रवेश परीक्षा असलेल्या नीटचा धक्का बसला होता. 2013 मध्ये ती एकदा येऊन गेली, सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. मग 11 एप्रिल 2016 रोजी न्यायालयाने तो निकाल मागे घेतला. दुष्काळात होरपळणाऱ्या लातूरसाठी पाण्याची पहिली रेल्वे मिरजेहून निघाली तीही त्याच दिवशी. टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या शहरातल्या मुलांना नीटसाठी एनसीईआरटीची पुस्तके शोधावी लागली, आणि सीईटीत नसलेले उणे गुणही आता मोजावे लागणार होते. केंद्राच्या अध्यादेशाने राज्याच्या जागांना त्या वर्षापुरती सूट मिळाली. 2017 पासून नीट कायमची.

आज नीटच्या पात्रतेसाठी बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात मिळून खुल्या प्रवर्गाला 50 आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के पुरतात. विभागाची अट गेली, बारावीच्या गुणांचे वजन गेले. मग गावाचे महत्त्व कमी व्हायला हवे होते. झाले उलटेच. महाविद्यालय फक्त नाव नोंदवण्यापुरते उरले आणि मूल दिवसभर त्या गावातल्या क्लासमध्ये. 2018 मध्ये शासनाने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, तरी हा प्रकार थांबला नाही. ज्या गावाने वर्गात शिकवून नाव कमावले, तिथेही आता पालक महाविद्यालयाचे नाव शेवटी विचारतात.

माझे मत स्पष्ट आहे: घरून जाता येईल अशा महाविद्यालयात तिन्ही विषयांचे शिक्षक आणि चालू प्रयोगशाळा असेल, तर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या गावी कॉटवर ठेवू नये. ठेवायचेच असेल, तर चौकातल्या फलकावरच्या यशस्वी चेहऱ्यांपैकी पहिल्या प्रयत्नातले किती आणि रिपीटर किती, एवढे फी भरण्याआधी विचारून घ्या.