उपासनेत लहान मुलांना बायबल कसं सांगावं?

आपल्या बचत गटांत सगळ्या धर्मांच्या बाया आहेत, आणि बैठकीत हप्त्याचं, व्याजाचं झालं की बोलणं पोराबाळांवरच येतं. नाताळ जवळ आला तसा आमच्या ख्रिस्ती सदस्यांकडून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. रविवारच्या उपासनेत चार-पाच वर्षांचं पोर दीड तास बसत नाही. चुळबुळ करतं, मागून कुणी डोळे वटारतं, मग आई त्याला घेऊन बाहेर पायरीवर बसते. पोराला काही मिळत नाही आणि आईचीही उपासना बुडते. ज्या ख्रिस्ती नाहीत त्यांनीही ऐकावं, कारण कीर्तनाला किंवा विहारातल्या वंदनेला मूल नेलं की हीच तऱ्हा होते.

डोळे वटारणाऱ्यांसाठी बायबलातच उत्तर आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात लोक लेकरांना येशूकडे आणतात आणि शिष्य त्यांना दटावतात. येशू रागावतो, पण शिष्यांवर. मग तो लेकरांना जवळ घेऊन आशीर्वाद देतो. म्हणजे उपासनेत मुलांची जागा आहेच. प्रश्न फक्त त्यांना काय आणि कसं द्यायचं याचा आहे.

बऱ्याच मंडळ्यांत यासाठी शब्बाथशाळा असते, म्हणजे रविवारचा मुलांचा वर्ग. ही कल्पना इंग्लंडमधली. ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्स यांनी 1780 च्या सुमारास असा वर्ग सुरू केला, तो आठवड्याचे सहा दिवस कामाला जुंपलेल्या गरीब मुलांसाठी. त्या मुलांना तिथे बायबलाबरोबर अक्षरओळखही होई. आपल्याकडे काही ठिकाणी हा वर्ग उपासनेआधी भरतो. काही ठिकाणी मुलं पहिली गाणी मोठ्यांबरोबर म्हणतात आणि उपदेश सुरू झाला की शेजारच्या खोलीत जातात. आम्हाला ही दुसरी रीत जास्त पटते. गाणं आणि प्रार्थना मुलं मोठ्यांचं पाहूनच शिकतात, उपदेश मात्र त्यांच्या डोक्यावरून जातो. वेगळी खोली नसेल तर पाळकसाहेबांशी बोलून उपदेशाआधी पाच मिनिटं मुलांना पुढे बोलवून गोष्ट सांगता येते. मोठीही ती कान देऊन ऐकतात, हा वरचा फायदा!

दुसरी अडचण भाषेची. घरी मूल वऱ्हाडी बोलतं आणि बायबलात येतात जकातदार, परुशी, शोमरोनी. या अडचणीवर आपल्याकडे मोठ्या माणसांनी घाम गाळला आहे. फादर स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडचे, 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांनी बायबलाची कथा मराठी ओवीत रचली. सुमारे अकरा हजार ओव्यांचं हे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापलं गेलं. लोकांना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून त्यांनी पुराणाचीच चाल धरली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं, ते न शिकलेल्या बायांनाही कळावं अशा साध्या बोलीत. छपाईच्या कामाला मुक्तीतल्याच मुली-बाया होत्या. रमाबाई 1922 मध्ये वारल्या आणि ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला. एवढं झाल्यावर आपण मुलाला गोष्ट आपल्या बोलीत सांगायला का लाजावं? जकातदार म्हणजे कर वसूल करणारा, असं सरळ सांगायचं.

आता प्रत्यक्ष एक गोष्ट घेऊ. लूकच्या पंधराव्या अध्यायात एक बाई आहे. तिच्याकडे चांदीची दहा नाणी, त्यातलं एक हरवतं. ती दिवा लावते, घर झाडते, कोपरान् कोपरा शोधते. सापडल्यावर शेजारणींना बोलावून आनंद करते. बचत गटातल्या बाईला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही! मुलांसमोर दहा नाणी मोजून ठेवा, त्यांनाही मोजू द्या. मग त्यांना डोळे मिटायला सांगून एक नाणं चटईखाली सरकवा. एकाच्या हाती केरसुणी द्या, एकाच्या हाती टॉर्च. सापडलं की सगळ्यांनी टाळ्या. (नाणी घरची घ्यावीत, गटाच्या पेटीतली नको.) मग एकच प्रश्न विचारा: नऊ तर होतीच, मग एकासाठी तिनं एवढं का शोधलं? आणि थांबा. उत्तर आपण द्यायची घाई करू नये. मुलं जे म्हणतील ते म्हणू द्या. त्यानंतर येशूनं ही गोष्ट कशासाठी सांगितली ते दोन वाक्यांत सांगा. देवाला हरवलेलं एकेक माणूस असंच मोलाचं वाटतं, एवढंच.

एका रविवारी एकच गोष्ट. तीच पुढच्या रविवारी पुन्हा सांगितली तरी चालते, लहानांना तीच आवडते. वचन पाठ करून घ्यायचं तर छोटं घ्यावं, आणि चालीवर. ज्याला पाठ होईल त्याला चॉकलेट, ही पद्धत आम्हाला पसंत नाही. ज्याला होत नाही तो पुढच्या वेळी येतच नाही. अब्राहाम मुलाचा बळी द्यायला निघतो ती कथा चार वर्षांच्या पोराला सांगू नये. ते रात्री बापाकडे वेगळ्याच नजरेनं बघेल. आणि खोडी केली की ‘देव बघतोय, शिक्षा करील’ म्हणणं तर बंदच करा. एकीकडे हरवलेलं शोधणारा देव सांगायचा आणि दुसरीकडे त्याचाच बागुलबुवा करायचा, मग मूल कोणता खरा मानेल?

शेवटी शेजारच्या मुलांचं. नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायला सगळीच पोरं धावतात, पण त्यांच्या घरच्यांना आधी विचारायलाच हवं. आपल्या राज्यघटनेच्या 28 व्या कलमात सरकारमान्य किंवा सरकारी मदतीच्या शाळांसाठी असाच नियम आहे: लहान मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं तर पालकांची संमती लागते. चर्च म्हणजे शाळा नव्हे, तरी रीत हीच बरी. आपला वर्धा जिल्हा या बाबतीत जुना जाणता आहे. सेवाग्रामच्या प्रार्थनेत सगळ्या धर्मांना जागा आहे आणि पवनारच्या विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ लिहिलं. गांधीजी 1926 मध्ये गुजरात विद्यापीठात नवा करार शिकवत, तेव्हा टीका झाली. पण तो विषय विद्यार्थ्यांनीच मागितला होता. म्हणून मेंढपाळाचं घोंगडं कुणाच्या पोराच्या खांद्यावर टाकण्याआधी त्याच्या आईच्या घरी जा, नाटकात काय आहे ते सांगा, आणि तिलाही बघायला बोलवा. ती नाही म्हणाली तर विषय तिथेच सोडा, गटातलं बोलणं-चालणं होतं तसंच ठेवा.