साइड स्टँड खुळखुळतोय? आवळण्याआधी हे वाचा

शिर्डी : गुरुवारी, रामनवमीला, गुरुपौर्णिमेला किंवा दसऱ्याला शिर्डीत मोटारसायकली एकमेकींना खेटून लागतात. त्यातली एक कलंडली की शेजारच्या चार घेऊन पडते. दोष धक्का देणाऱ्याला दिला जातो. पण पुष्कळदा खरं कारण गाडीखालीच असतं, ते म्हणजे ढिला झालेला साइड स्टँड. काम किरकोळ म्हणून ते महिनोन् महिने पुढे ढकललं जातं.

उभ्या गाडीपेक्षा चालत्या गाडीला धोका जास्त

गाडी पडली तर आरसा, लिव्हर, इंडिकेटर जातो. मात्र चालत्या गाडीचा स्टँड खाली लोंबला तर जिवावर बेतू शकतं. स्टँड डाव्या बाजूला असतो. डावीकडे वळताना गाडी त्याच बाजूला झुकते, स्टँडचं टोक रस्त्याला टेकतं आणि गाडी चालकाला फेकून देते. गतिरोधकावरही तो अडकू शकतो. नगर-मनमाड रस्त्यावर मागून उसाची ट्रॉली किंवा एसटी येत असेल, तर असं पडणं किती महागात जाईल हे सांगायला नको.

स्टँड ढिला का होतो?

स्टँड एका बोल्टवर फिरतो. त्या सांध्यात धूळ-चिखल जातो, ग्रीस संपतं आणि बोल्ट व भोक दोन्ही झिजतात. स्प्रिंगचं काम दुहेरी असतं. स्टँड खाली असताना ती त्याला खाली धरते, वर घेतल्यावर वर ओढून ठेवते. ती सैल पडली की खड्ड्यात आदळताच स्टँड आपोआप खाली येतो. उभ्या गाडीवर बसून गप्पा मारणं, स्टँडवरच गाडी गरकन फिरवणं, यानेही स्टँड वाकतो.

घरच्या घरी तपासणी आणि दुरुस्ती

१. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घ्या. इंजिन व सायलेन्सर थंड होऊ द्या.

२. स्टँडचं टोक धरून आडवं हलवा. किंचित हालचाल चालते. खडखड वाजत असेल तर सांधा ढिला आहे.

३. रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने सांधा पुसा. बोल्टचे आटे, स्प्रिंगचे हूक आणि फ्रेमची पट्टी नीट बघा.

४. एका पान्याने बोल्ट धरा, दुसऱ्याने मागचा नट आवळा. ग्रीस लावा.

५. स्टँड दहा वेळा खाली-वर करा. तो अडखळता कामा नये आणि वर घेतल्यावर स्प्रिंगनेच खटकन बसला पाहिजे.

इथेच बरेच जण चुकतात. ढिला नको म्हणून नट गच्च आवळतात. मग स्टँड अर्ध्यावर अडकतो, पूर्ण वर जात नाही आणि तोच जास्त धोकादायक ठरतो.

गॅरेजला कधी न्यावी?

आवळूनही खडखड राहिली तर भोक लांबट झालं आहे असं समजा. तिथे बुश बसवावा लागतो किंवा स्टँड बदलावा लागतो. आटे गेले असतील तर बोल्ट-नट नवे घ्या. स्प्रिंग तारेने बांधून चालवू नका, नवीच टाका. ती काढताना उडते, म्हणून तोंड बाजूला ठेवा. फ्रेमची पट्टी तडकली असेल तर वेल्डिंग अनुभवी कारागिराकडूनच करून घ्या आणि आधी बॅटरीची वायर काढायला सांगा.

एप्रिल २०२० पासून आलेल्या अनेक बीएस-६ गाड्यांत स्टँडला सेन्सर आहे. स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं. सेन्सर बिघडला म्हणून त्याची वायर तोडून जोडू नका. तो तुमच्याच जिवासाठी आहे.

गाडी लावताना

चढावर तोंड वरच्या बाजूला ठेवा, पहिला गिअर टाका आणि हँडल डावीकडे वळवा. उताराकडे तोंड केलं तर गाडी पुढे सरकून स्टँड मिटतो. डावी बाजू उंच असेल तर गाडी उजवीकडे कलंडते. पावसाळ्यात काळ्या मातीत आणि उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावर टोक रुततं. खाली चपटा दगड किंवा फळीचा तुकडा ठेवा.

दूधवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं. ४० लिटरचा भरलेला कॅन ४० किलोंच्या वर जातो. दोन कॅन म्हणजे ८० किलोंच्या वर, आणि शंभर सीसीची गाडी स्वतःच साधारण ११० किलोंची. एवढा भार साइड स्टँडसाठी नाही. कॅन चढवताना-उतरवताना डबल स्टँडच लावा. उभ्या गाडीवर लहान मुलांना बसवू नका.

आणि निघण्याआधी एक सवय लावून घ्या : किक किंवा बटण मारण्याआधी डाव्या पायाने स्टँड वर गेलाय का, ते चाचपून बघा.