होमस्कूलिंग करताय? मुलाची पातळी अशी ठरवा

मूल नऊ वर्षांचं, म्हणून सगळी पुस्तकं चौथीचीच हवीत का? नाही. तेच मूल वाचनात पाचवीच्या, तर गणितात दुसरीच्या पातळीवर असू शकतं. म्हणून पातळी विषयवार ठरवा.

कशी? ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. वयाच्या इयत्तेपेक्षा दोन इयत्ता मागून सुरुवात करा आणि मूल जिथे अडखळतं, ती जागा नोंदवा. हातच्याची बेरीज चुकत असेल, तर गुणाकाराची घाई नको.

वाचता येत नाही म्हणजे समजत नाही, असं मात्र नाही. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला विज्ञानाचा धडा वाचून दाखवा, उत्तरं तोंडी घ्या. विज्ञानाची पातळी खाली आणू नका.

मग परीक्षेचं काय? एनआयओएसच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तीन स्तर आहेत: तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष. दहावीसाठी किमान वय १४ वर्षं. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत.

दर तीन महिन्यांनी पातळी पुन्हा तपासा. तुलना भावंडांशी नको, मुलाच्या मागच्या नोंदीशी करा.