अंतराळमोहिमेचे संयुक्त खाते

सारीपाट असो, पत्ते असोत वा बुद्धिबळ, आपल्या परिचयाच्या बहुतेक खेळांत शेवटी कोणी तरी जिंकतो आणि कोणी तरी हरतो. गेल्या पन्नास वर्षांत मात्र जगभर असा एक खेळ रुजला आहे, की ज्यात जय-पराजयाचा हिशेबच नसतो. डाव संपल्यावर खेळाडूंच्या हाती उरते ती केवळ एक गोष्ट, सर्वांनी मिळून रचलेली. या खेळास इंग्रजीत 'टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. आपण त्याला 'भूमिकाखेळ' म्हणू या. अलीकडे अशा खेळाचे ध्वनिमुद्रण करून ते इतरांना ऐकविण्याची प्रथा चांगलीच रूढ झाली आहे. बेंगळुरूसारख्या, अंतराळ संशोधन संघटनेचे मुख्यालय असलेल्या नगरीत राहताना विज्ञानकथेवर आधारित अशा एका मोहिमेत सहभागी होण्याचा योग मला आला. त्या निमित्ताने या छंदाचा, आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या एका महत्त्वाच्या प्रश्नाचा परिचय वाचकांस करून द्यावा, हा या लेखाचा उद्देश.

खेळाचे स्वरूप

चार-सहा मंडळी टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग सांगतो, "तुमचे यान एका उजाड ग्रहाच्या तळावर उतरले आहे, इंधन संपत आले आहे, तळावरचा अधिकारी कागदपत्रे मागतो आहे." उरलेले प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेऊन आपण काय करणार ते बोलून दाखवितात. यश शंकास्पद असेल तेथे फासे टाकले जातात. अशा बैठका महिनोन् महिने चालतात; त्या सलग कथानकास 'कॅम्पेन', म्हणजेच मोहीम, असे म्हणतात.

आपल्या मातीला हे अगदीच परके नाही. तमाशातील बतावणीत सोंगाड्याचे हजरजबाबी संवाद बरेचसे तेथल्या तेथे सुचलेले असत. समोरच्याने टाकलेला शब्द झेलायचा आणि गोष्ट पुढे न्यायची, ही कला दोन्हीकडे सारखीच. त्या बतावण्यांपैकी कितीतरी हवेत विरून गेल्या, कारण त्या कोणी टिपून ठेवल्या नाहीत. भूमिकाखेळाचेही प्रारंभी असेच होते.

कर्जावर घेतलेले अंतराळयान

या खेळाचा पहिला प्रसिद्ध अवतार म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकी खेळरचनाकारांनी तो 1974 साली प्रसिद्ध केला. योगायोग असा, की त्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने ती पाठविणारे लेखक होते डॉ. जयंत नारळीकर! म्हणजे मराठी विज्ञानकथेला नवे बळ आणि भूमिकाखेळाला जन्म, दोन्ही एकाच वर्षी लाभले.

विज्ञानकथा आणि भूमिकाखेळ यांचा गाजलेला संगम 1977 साली झाला. मार्क मिलर यांनी रचलेला 'ट्रॅव्हलर' हा खेळ तीन छोट्या काळ्या पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. त्यात एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जाण्यास सुमारे एक आठवडा लागतो आणि यानापेक्षा वेगाने निरोपही जाऊ शकत नाही. पात्राचे पूर्वायुष्य चार-चार वर्षांच्या नोकरीच्या टप्प्यांतून घडते. मूळ नियमांनुसार फासे प्रतिकूल पडल्यास खेळ सुरू होण्यापूर्वीच पात्राचा मृत्यू ओढवू शकतो!

बँकेत काम करणाऱ्याला मात्र या खेळाची वेगळीच गोष्ट मोहात पाडते. येथील नायक राजपुत्र नसतो, तो कर्जदार असतो. मूळ नियमांप्रमाणे यानाच्या किमतीच्या 20 टक्के रक्कम आधी भरावयाची. त्यानंतर किमतीचा 240 वा भाग दरमहा, असे 480 हप्ते, म्हणजे पूर्ण 40 वर्षे. साध्या व्यापारी यानाची किंमत आहे 3 कोटी 70 लाख 80 हजार 'क्रेडिट'. त्यावर आरंभीचा भरणा 74 लाख 16 हजार आणि मासिक हप्ता 1 लाख 54 हजार 500. सगळे हप्ते फेडून होईपर्यंत मूळ किमतीच्या 220 टक्के रक्कम भरली जाते. हप्ता थकला तर यान जप्त होण्याची भीती. मग खेळाडूंची खरी धडपड राक्षसाशी नसते. इंधन, खलाशांचे पगार आणि पहिल्या तारखेचा हप्ता यांच्याशी असते. कर्ज घेताना केवळ हप्ता न पाहता एकूण परतफेड पाहावी, हे काउंटरवर शंभर वेळा सांगूनही न पटणारे सूत्र हा खेळ एका संध्याकाळी पटवून देतो.

लेखणीपासून पॉडकास्टपर्यंत

आपला खेळ इतरांस सांगण्याची ओढ जुनी आहे. जपानमध्ये 1986 साली 'कॉम्प्टिक' या मासिकात एका खेळाच्या बैठकांची संवादरूप नोंद क्रमशः छापली गेली. वाचकांना ती इतकी आवडली, की सूत्रधार र्यो मिझुनो यांनी पुढे तिच्यावर कादंबऱ्या लिहिल्या. 'रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर' या नावाने ती मालिका प्रसिद्ध आहे.

पुढे इंटरनेटमुळे नोंद लिहून काढण्याची गरज उरली नाही. 2008 साली अमेरिकेत 'अ‍ॅक्विझिशन्स इनकॉर्पोरेटेड' हा ध्वनिमुद्रित खेळ पॉडकास्टच्या रूपाने आला. 2014 साली तीन भाऊ आणि त्यांचे वडील अशा मॅकेलरॉय कुटुंबाचा 'द अ‍ॅडव्हेंचर झोन' सुरू झाला. मार्च 2015 मध्ये आवाजकलाकारांच्या एका गटाने 'क्रिटिकल रोल' प्रसारित करण्यास आरंभ केला. 2019 साली या गटाने आपल्या कथेवर चलच्चित्र काढण्यासाठी साडेसात लाख डॉलरचे आवाहन केले, आणि चाहत्यांनी 1 कोटी 13 लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी करून दिली. 2023 साली दक्षिण आशियाई वंशाच्या कलाकारांनी 'देसी क्वेस्ट' ही मालिका सादर केली, आणि आपल्याकडील कथासंस्कृतीचा गंध या टेबलावर दरवळला.

या ध्वनिमुद्रणांचा मोठा उपयोग असा, की जाडजूड नियमपुस्तक वाचून जे उमगत नाही ते दोन तास ऐकून उमगते. गाणे जसे गुरूच्या समोर बसून शिकावे, तसा हा खेळ खेळणाऱ्यांस ऐकूनच शिकावा.

आमची मोहीम आणि एक पेच

बेंगळुरूत आम्ही पाच जण दर शनिवारी एका मित्राच्या घरी जमतो. दोघे संगणक क्षेत्रातील, एक शिक्षिका, एक विद्यार्थी आणि मी. मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी या चारही भाषा आमच्या यानात गुण्यागोविंदाने नांदतात. आमच्यातील एक जण नोकरीनिमित्त परदेशी जाण्यास निघाला, तेव्हा त्याला पुढील कथा कळावी म्हणून आम्ही ध्वनिमुद्रण सुरू केले. महिन्याभरातच पुढची सूचना आली, "हे सर्वांनाच ऐकवू या!"

शिक्षिकाबाई क्षणभर थांबून म्हणाल्या, "मित्रासाठी नोंद ठेवा, माझी हरकत नाही. पण अनोळखी माणसे ऐकणार असतील, तर माझी कप्तान खोटे बोलू लागली की मीच अडखळेन. उद्या माझे विद्यार्थी ऐकतील."

त्यांच्या बोलण्यात खेळाचे मर्म होते. भूमिकाखेळ चालतो तो परस्परविश्वासावर. भित्रा माणूस येथे शूर होतो, सरळमार्गी माणूस तस्कर होतो. कारण समोरची चार माणसे आपली आहेत, याची खात्री असते. ती खात्री गेली, की माणूस खेळत नाही, केवळ सादरीकरण करतो.

तेव्हा मला आपल्या संयुक्त खात्याची आठवण झाली. 'दोघांपैकी कोणीही' अशी सूचना असेल तर एकाच्या सहीने पैसे निघतात. 'संयुक्तपणे' अशी सूचना असेल तर प्रत्येकाची सही लागते. खेळाचे ध्वनिमुद्रण हे दुसऱ्या प्रकारचे खाते आहे. यंत्र एकाचे असेल, घर दुसऱ्याचे असेल. गोष्ट मात्र पाचही जणांच्या तोंडून निघालेली असते.

आम्ही तसा नियमच केला. जुन्या बैठकांचे मुद्रण फक्त सदस्यांपुरते ठेवले. नव्या मोहिमेत खऱ्या नावांऐवजी पात्रांचीच नावे घ्यावयाची. प्रत्येक भाग प्रसारणापूर्वी सात दिवस सर्वांकडे जाईल, आणि एकानेही नकार दिला तर कारण न विचारता तो भाग बाजूला ठेवला जाईल. या अटींवर बाई राजी झाल्या.

नियमाची कसोटी लवकरच लागली. यानाचे दोन हप्ते थकलेले, कर्जवसुलीचे पथक तळावर उतरलेले, आणि यान विकावे की पळून जावे यावर कडाक्याचा वाद, अशी ती बैठक आमच्या मते सर्वोत्तम झाली. परंतु त्या वादाच्या भरात आमच्यातील एकाच्या तोंडून घरच्या कर्जाची खरीखुरी व्यथा निघून गेली होती. तेवढाच मजकूर कापावा म्हटले, तर कथेतील निर्णय त्याच व्यथेतून आला होता. कापल्यावर गोष्टच उरेना. त्याने नकार कळविला. तो भाग प्रसारित झाला नाही आणि होणारही नाही. श्रोत्यांसाठी सूत्रधाराने चार वाक्यांत सारांश सांगितला. पुढच्या शनिवारी तो सदस्य नेहमीप्रमाणे फासे घेऊन हजर होता. एका उत्तम भागाच्या मोबदल्यात आमचे टेबल टिकले, हा व्यवहार मला फायद्याचाच वाटतो.

कायदा आणि सावधगिरी

कायद्याच्या दृष्टीनेही 'यंत्र ज्याचे त्याचे सर्व काही' असे नसते. भारतीय कॉपीराइट अधिनियम, 1957 ध्वनिमुद्रणाच्या निर्मात्याचा हक्क (60 वर्षे) आणि सादरकर्त्याचा हक्क (50 वर्षे) यांचा स्वतंत्रपणे विचार करतो. 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम घरगुती वापरास लागू होत नाही; तथापि संमती ही मोकळेपणाने दिलेली, नेमकी, माहितीपूर्ण आणि मागे घेता येण्याजोगी असावी, ही त्याने सांगितलेली लक्षणे कोणत्याही टेबलावर शिरोधार्य मानावीत.

खेळाच्या पुस्तकांचेही हक्क असतात. प्रसारणापूर्वी प्रकाशकाच्या अटी अवश्य वाचाव्यात. जानेवारी 2023 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या खुल्या परवान्यात बदल होणार, असे कळताच चाहत्यांत मोठा असंतोष उसळला. अखेर प्रकाशकांनी बेत मागे घेतला आणि मूलभूत नियमांचा दस्तऐवज 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली सर्वांना खुला केला. श्रेय देऊन कोणीही तो वापरू शकतो.

आणखी एक इशारा बँकेच्या नात्याने द्यावासा वाटतो. चहाच्या सुट्टीत यंत्र चालूच राहते आणि बोलता बोलता जन्मतारीख, मुलांच्या शाळेचे नाव, घराचा पत्ता सहज उच्चारला जातो. हीच माहिती ठकांना हवी असते. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने थोड्याशा नमुन्यावरून कोणाच्याही आवाजाची नक्कल करता येते. म्हणून सुट्टी झाली की यंत्र बंद, हा नियम काटेकोरपणे पाळावा. आणि ओळखीच्या आवाजात पैशांची मागणी आली, तरी आपण होऊन त्या व्यक्तीस फोन करून खात्री करून घ्यावी.

आरंभ करू इच्छिणाऱ्यांसाठी

खर्च फारसा नाही. साधा मोबाइलही पुरतो. यंत्र टेबलाच्या मधोमध, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवावे आणि फासे कापडावर टाकावेत, म्हणजे खडखडाट होत नाही. पंखा आणि स्वयंपाकघरातील कुकर यांच्यापासून अंतर राखावे. मूळ मुद्रण उत्तम प्रतीचे ठेवल्यास तीन तासांच्या बैठकीस सुमारे 1.9 जीबी जागा लागते. 64 केबीपीएस दराच्या एमपी-3 प्रतीस जेमतेम 86 एमबी पुरतात. मूळ प्रत दोन ठिकाणी जपावी. प्रत्येक भागास दिनांक, पात्रांची नावे आणि दोन ओळींचा सारांश जोडावा. पासबुकात नोंद नसेल तर व्यवहार आठवत नाही. गोष्टीचेही तसेच आहे.

बहुभाषक संवाद चालू असताना प्रत्येक वाक्याचे भाषांतर करण्याचा अट्टहास धरू नये. सूत्रधाराने प्रसंगाचा गाभा एका भाषेत पुन्हा सांगितला, की श्रोत्यास धागा सापडतो. मराठी विज्ञानकथेची समृद्ध परंपरा पाठीशी असताना आपल्या भाषेतील अशा मोहिमा अधिकाधिक ऐकू याव्यात, अशी मनोमन इच्छा आहे. निवृत्त सभासद, महाविद्यालयीन विद्यार्थी, बदलीच्या गावी एकटे राहणारे सहकारी, या सर्वांना हा छंद माणसे जोडून देईल.

मात्र मुद्रणाची कळ दाबण्यापूर्वी टेबलाभोवतीच्या प्रत्येकाकडे एकवार पाहावे आणि "चालेल ना?" असे विचारावे. सर्वांच्या सह्या झाल्या, की यान उड्डाणास सिद्ध झाले म्हणून समजावे. वाचकांच्या अंतराळप्रवासास हार्दिक शुभेच्छा!