मोजके मुक्काम, पुरता वसंत

मराठी कुटुंबाच्या सहलीच्या तारखा वर्षानुवर्षं शाळेच्या सुट्टीने ठरवल्या आहेत. नोकरी संपली, मुलं मार्गी लागली, तरी युरोपची सहल मेच्या अखेरीस किंवा जूनमध्येच आखली जाते, आणि तीही बारा दिवसांत सात-आठ देश अशी. साठी-पासष्टी ओलांडलेल्या, रोज चालायची सवय असलेल्या माणसांनी ही रीत सोडावी, असं माझं ठाम मत आहे. निवृत्तीने तारखांचं स्वातंत्र्य दिलेलं असतं. ते वापरून एप्रिलच्या आरंभी निघावं, तीन आठवडे राहावं आणि मुख्य मुक्काम तीनच ठेवावेत.

पहिलं कारण उन्हाचं. २००३च्या उन्हाळ्यात युरोपभर उष्णतेने सुमारे ७० हजार माणसं दगावली आणि त्यांत वृद्धांचं प्रमाण फार मोठं होतं. तिथली जुनी घरं थंडीसाठी बांधलेली आहेत. वातानुकूलन सगळीकडे नसतं. आपण विदर्भातल्या मेमध्ये वाढलो म्हणून तिथलं ऊन सहज सोसू, हा भ्रम आहे, कारण दगडी चौकात भर दुपारी रांगेत उभं राहायचं असतं. एप्रिलमध्ये सेव्हिलला दुपारी तेवीस-चोवीस अंश असतात, ॲमस्टरडॅमला बारा-चौदा. चालायला याहून चांगली हवा नाही. शिवाय मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात, त्यामुळे एप्रिलअखेर हॉलंडमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. भारताशी फरकही साडेतीन तासांचाच उरतो. पहिले काही दिवस पहाटेच जाग येते, आणि गर्दी जमण्याआधीचं शहर पाहायला तीच वेळ उत्तम.

वसंत युरोपात एकदम येत नाही, दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि खालून वर सरकतो. सहलीनेही त्याच दिशेने जावं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्पेनमधलं सेव्हिल गाठावं. रस्त्याकडेची कडू संत्र्यांची झाडं मार्चपासून फुलतात आणि त्यांचा वास गल्ल्यांमध्ये भरून असतो. वेगवान रेल्वेने पाऊण तासावर कोर्दोबा आहे. आठव्या शतकात बांधायला सुरुवात झालेल्या तिथल्या मशिदीत साडेआठशेहून अधिक खांब आहेत, आणि तिच्याच पोटात पुढे कॅथेड्रल उभं राहिलं. तो खांबांचा विस्तार डोळ्यांत मावायला निदान दोन तास हवेत; गटाच्या घाईत तेवढे मिळत नाहीत. ईस्टरची तारीख मात्र आधी पाहावी. ती २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येते, आणि त्याआधीच्या आठवड्यात सेव्हिलमध्ये मिरवणुकांमुळे खोल्यांचे दर कडाडतात. तिथून विमानाने ॲमस्टरडॅम, पण मुक्काम जवळच्या लायडनला. शहर सपाट, कालव्यांकाठचं, पायी फिरण्याजोगं. इथल्याच वनस्पती उद्यानात कारोलुस क्लुसिअस या वनस्पतिशास्त्रज्ञाने सोळाव्या शतकाच्या शेवटी ट्युलिप लावले होते. कॉकेनहोफची बाग लायडनहून बसने जवळ आहे. तिथे दर वर्षी सुमारे ७० लाख कंद लावतात आणि ती जेमतेम आठ आठवडे उघडी असते. एप्रिलचा उत्तरार्ध हा तिचा साधारण बहराचा काळ. तिसरा मुक्काम स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न. जाताना रेल्वेने जर्मनीतल्या कोलोनला एक रात्र थांबावं, म्हणजे लांबचा प्रवास अंगावर येत नाही. या दिवसांत अनेक केबलकार दुरुस्तीसाठी बंद असतात, हे खरं. पण १८७१ साली सुरू झालेली रिगीची दातेरी रेल्वे आहे आणि सरोवरातल्या बोटी आहेत. साडेतीन हजार मीटरजवळच्या युंगफ्राउयोख या खिंडीत हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशच मिळतो. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिथे जाऊ नये. रिगीचा माथा अठराशे मीटरचा आहे आणि दृश्य तिथूनही भरपूर दिसतं.

'आयुष्यात एकदाच जाणार, मग रोम-पॅरिस सोडायचं?' हा आक्षेप मला मनापासून कळतो. पण हिशेब करून पाहावा. प्रत्येक मुक्काम हलवताना सामान बांधणं, खोली सोडणं, प्रवास, नवी खोली मिळेपर्यंतची वाट पाहणं यांत अर्धा दिवस जातो. बारा दिवसांत सात वेळा मुक्काम हलला, तर साडेतीन दिवस बॅगांपायी गेले. उरलेल्यातही बराच वेळ बसमध्ये. पाय चालते असताना ती शक्ती बॅगा उचलण्यात का घालवायची? रोम हवंच असेल तर सेव्हिलऐवजी रोम घ्यावं. चौथा मुक्काम वाढवू नये.

एकूण खर्च कमी होतो, असं मी म्हणणार नाही. तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे. दिवसागणिक खर्च मात्र उतरतो: आठवड्याच्या भाड्याने घर घेतलं तर स्वयंपाकघर मिळतं, आणि साठीपुढच्यांना युरेल या रेल्वे पासवर दहा टक्के सूट असते. स्वयंपाकघरामुळे जेवणाचा प्रश्नही बराच सुटतो. भाजणी, मेतकूट, कोरडी चटणी न्यावी. तूप, पेढे, बर्फी मात्र नेऊ नयेत; युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला मनाई आहे. लायडनहून रेल्वेने पाव तासावर हेग आहे. १८७३पासून भारतातून सुरिनामला मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज तिथे मोठ्या संख्येने राहतात, आणि त्यांच्या दुकानांत रोटी आणि बटाट्याची भाजी मिळते.

सगळ्यात गंभीर आक्षेप आजारपणाचा. सोबत टूर लीडर नसेल तर रात्री छातीत दुखल्यावर कोणाला हाक मारायची? पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांनी मराठी माणसाला दिलेला धीर मोठा आहे. ज्यांना एकट्याने भाषेची धास्ती वाटते, त्यांनी चार-सहा ओळखीच्यांचा गट करावा. तरी व्यवस्था माहीत असाव्यात. ११२ हा आपत्कालीन क्रमांक युरोपीय संघात सर्वत्र चालतो, स्वित्झर्लंडमध्येही. विमानतळावर मदत हवी असेल तर ४८ तास आधी, युरोपीय संघातल्या रेल्वेसाठी २४ तास आधी कळवावं. चाकाची खुर्ची मागण्यात कमीपणा नाही, तेवढी शक्ती पुढच्या चालण्यासाठी वाचते. औषधांची चिठ्ठी ब्रँडच्या नव्हे, मूळ औषधाच्या नावाने लिहून घ्यावी आणि गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. दम्याच्या रुग्णांनी उत्तरेत एप्रिलमध्ये उडणाऱ्या भूर्जाच्या परागकणांची चौकशी डॉक्टरांकडे करावी. विम्याच्या अर्जात रक्तदाब, मधुमेह लपवू नये. व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचं संरक्षण लागतं, पण लपवलेल्या आजारामुळे दावा नाकारला गेला तर त्या आकड्याचा उपयोग नाही.

तयारी आत्ताच सुरू करायची. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे एप्रिलसाठी ऑक्टोबरपासून; निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, कधी पंचेचाळीसही. सर्वाधिक रात्री ज्या देशात, त्याच्याकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिला प्रवेश, तिथे. पारपत्र परतीनंतर किमान तीन महिने वैध हवं. निघण्याआधीच्या तीन-चार महिन्यांत जिने चढण्या-उतरण्याचा सराव करावा. उतरणं गुडघ्यांवर जास्त ताण देतं, आणि पॅरिसच्या मेट्रोसारख्या जुन्या स्थानकांत लिफ्ट क्वचितच असते. बॅग एकच, स्वतः उचलता येईल एवढी. ती घेऊन घरचा जिना एकदा चढून पाहावा, मगच तिकिटं काढावीत.